ड्रिका विटबोईचं धुराडं

अब्नर विटबोई पहिल्यांदा पडला तेव्हा ड्रिकाने मला भिंतीवरून हाक मारली. दुसऱ्यांदा पडला तेव्हाही मारली. तिसऱ्यांदा मात्र तिने हाक मारायचेही कष्ट घेतले नाहीत. नुसती पातेल्यावर पळी वाजवली आणि मी चपला शोधायला लागलो.

आमच्या दोन परसांमध्ये छातीएवढी सिमेंटच्या फळ्यांची भिंत आहे. मी पस्तीस वर्षं इथे दक्षिण आफ्रिकेतल्या वुस्टर गावात घरोघरी टपाल टाकलं, आता पेन्शनवर आहे, एकटाच आहे, सोबतीला एक कुत्रा. ड्रिका कामावर गेली की अकरा वाजता आणि दोन वाजता त्या भिंतीवरून डोकावून अब्नर ठीक आहे ना एवढं बघायचं, हे माझं काम. ती वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात होती. दिवसभर ओल्या चादरी उचलायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या, आणि घरी येऊन नवऱ्याला उचलायचं.

त्या दिवशी तो विटांच्या ढिगाऱ्याशी पडला होता. गालाला माती, एका हातात अर्धी वीट.

"शेजारी, पाय नका धरू, पट्टा धरा," ड्रिका म्हणाली. आश्रमातल्या नर्सबायांकडून ती हे शिकली होती. "माझं तीन म्हणून झालं की उचला. त्याच्या आधी नाही. मागच्या वेळी तुम्ही दोनलाच उचललंत."

उचलला. अब्नर हाडापेराने मोठा माणूस, त्यात उजवी बाजू लुळी पडलेली. खुर्चीत बसवल्यावर आम्ही तिघंही धापा टाकत होतो.

"पण हा करत काय होता तिथे?"

"त्यालाच विचारा."

"नाही," अब्नर म्हणाला.

"घ्या. सांगितलं त्याने."

अब्नर गवंडी होता. साधासुधा नाही, ज्याच्या भिंतीला ओळंबा लावून बघायची कुणाची हिंमत होत नसे असला गवंडी. तीस वर्षांत त्याने लोकांच्या परसात किती ब्राय बांधले त्याला मोजदाद नाही. ब्राय म्हणजे आमच्याकडची परसातली विटांची चूल, वर धुराडं, आत जाळी, खाली द्राक्षाच्या जुन्या खोडांचे निखारे. रविवारी चर्चमधून आलं की सगळी गल्ली त्या धुरात असते. अब्नरच्या स्वतःच्या परसात मात्र फक्त विटा होत्या. सुका मेवा करण्याचा एक जुना कारखाना पाडला तेव्हापासून त्याने गाडीच्या डिकीतून दहा-दहा पंधरा-पंधरा करत त्या आणल्या होत्या. ड्रिकाने विचारलं की म्हणायचा, उद्या. गिऱ्हाइकांनाही तेच सांगायचा. मग नोव्हेंबरच्या उन्हात एका शाळेच्या कुंपणाची भिंत बांधताना त्याला झटका आला. डॉक्टर म्हणाले, त्याला समजतं सगळं, पण बोलायची वाट बंद झालीय. तीन शब्द तेवढे शिल्लक राहिले. 'नाही', 'उद्या', आणि एक शिवी. ती शिवी तो पाद्रीबाबांसमोर इतकी स्वच्छ म्हणाला की पाद्रीबाबांनी प्रार्थना आवरती घेतली.

तर तिसऱ्यांदा पडल्यानंतर केप टाउनहून त्यांच्या मुलीचा, शेरलीनचा, फोन आला. ममी, त्या विटा विकून टाक, म्हणजे तो तिकडे जाणारच नाही. ड्रिकालाही ते पटलं. शनिवारी सकाळी एक माणूस पिकअप घेऊन आला. त्याने पहिल्या चार विटा उचलल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारातून असा आवाज आला की मी हातातला कप ठेवून धावलो. अब्नर खुर्चीतून स्वतःच उतरला होता. रांगत, एक बाजू ओढत तो ढिगाऱ्यापर्यंत आला आणि डावा हात विटांवर पसरून आडवा पडला. रडत होता. लहान मूल रडतं तसं, तोंड लपवायचंही भान नव्हतं.

पिकअपवाला बिचारा टोपी काढून उभा. "बाई, मी जाऊ का?"

"जा," ड्रिका म्हणाली. मग ती अब्नरजवळ जमिनीवर बसली. वैतागून नाही. उभं राहवत नाही म्हणून माणूस बसतो तशी. 

"ऐक," ती म्हणाली. "मला तुला उचलून उचलून कंटाळा आलाय. माझी पाठ गेलीय. तुला चूल पाहिजे ना? मी बांधते. तू खुर्चीत बसायचं. उठायचं नाही. कबूल?"

अब्नरने नाक पुसलं. "उद्या," तो म्हणाला.

"उद्या नाही. आत्ता सांग, कबूल आहे का?"

त्याने मान हलवली.

असं ते सुरू झालं. लोक नंतर सांगायला लागले की ड्रिकाने नवऱ्याच्या प्रेमापोटी चूल बांधली. असेलही. पण मी तिथे होतो. तिला फक्त तो एका जागी बसायला हवा होता.

ती चारला घरी यायची. आधी त्याला न्हाऊ घालायचं, मग भात किंवा सूप शेगडीवर चढवायचं, मग बाहेर. उजेड जाईपर्यंत एक थर, फार तर दोन. तीस वर्षं गवंड्याच्या घरात काढल्यामुळे तिला बरंच ठाऊक होतं. विटा आधी भिजवायच्या, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, सिमेंटचा माल फार पातळ करायचा नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि थापीवर माल घेऊन तो विटेवर एकसारखा पसरणं वेगळं. तिचा माल विटेच्या कडेने गळायचा. अब्नर खुर्चीत काठी घेऊन बसलेला. वीट जरा वाकडी बसली की काठी यायची. ठक. वीट खाली.

"अरे, केसभर वाकडी होती!"

"नाही."

"केसभर!"

"नाही." ठक.

मी भिंतीवर कोपर टेकून बघत असायचो. कधी पाण्याची बादली द्यायचो, कधी घमेलं. माझ्याने त्याहून जास्त होत नव्हतं आणि ड्रिकाने मागितलंही नाही. फेब्रुवारी होता, दिवसभर तापलेल्या भिंती संध्याकाळी अंगावर येत. तिचे हात धुलाईघरातल्या साबणाने आधीच सोललेले, त्यात सिमेंट. रात्री बोटांना चरबी चोळून ती हातात कापडी मोजे घालून झोपायची, हे तिनेच मला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, माझ्याकडे जुने मोजे आहेत का असं विचारताना.

सहाव्या थराला ती भडकली. एकाच संध्याकाळी त्याने सहा विटा पाडल्या होत्या. सातवी पडली तेव्हा तिने थापी घमेल्यात फेकली आणि सरळ फाटकातून निघून माझ्या घरी आली. माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली.

"चहा टाकू का?" मी विचारलं.

"टाका. आणि दहा मिनिटं माझ्याशी बोलू नका."

मी चहा टाकला. वळून बघतो तर तिने टेबलावर डोकं ठेवलेलं आणि ती झोपलेली. तोंड उघडं, केसांत वाळू. मी चहावर बशी ठेवली आणि रेडिओ बंद केला. तासभर ती हलली नाही.

मधेच अब्नरची काळजी वाटली म्हणून मी भिंतीशी गेलो. तो खुर्चीतच होता, दिलेला शब्द पाळून. पण खुर्ची त्याने पायाने ढकलत चुलीच्या बांधकामाला चिकटवली होती आणि मांडीवर घमेलं घेतलं होतं. डाव्या हाताने तो वीट लावत होता. चार लावून झाल्या होत्या. एक आत झुकलेली, एक पुढे आलेली, मधला माल बोटभर जाड आणि दुसरीकडे काहीच नाही. लहान मुलाने लावलेल्या असाव्यात तशा. चौथी बसवून तो मागे टेकला आणि आपल्या चार विटांकडे बघत राहिला. मी बाजूला झालो. ते बघायला मी तिथे असायला नको होतं.

ड्रिका जागी झाली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही, नुसता बरोबर गेलो. तिने त्या विटा बघितल्या. मग त्याच्याकडे बघितलं. चेहरा एकदम मऊ झाला तिचा.

"अब्नर, तू लावल्यास? छान आहेत. असू देत तशाच."

"नाही," अब्नर म्हणाला.

"असू दे रे. माझ्यापेक्षा बऱ्या आहेत."

तो इतका चिडला की मला वाटलं पुन्हा झटका येतोय. काठी आपटली, ती शिवी दिली, मग पुन्हा दिली. शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली.  मग ड्रिकाला कळलं. मलाही तेव्हाच कळलं. तीस वर्षं कुणी त्याच्या भिंतीला 'असू दे' म्हटलं नव्हतं.

तिने बाही वर केली आणि त्या चार विटा एकेक करून काढल्या. प्रत्येकीवरचा माल थापीने खरवडला, प्रत्येक वीट बादलीत बुडवली आणि पुन्हा लावली. अब्नर शेवटच्या विटेपर्यंत बघत होता. चौथी लावताना काठी उठली, विटेच्या कोपऱ्यावर हलकेच टेकली, तिने कोपरा दाबला, काठी खाली गेली.

"आता बरोबर?"

त्याने मान हलवली. त्यानंतर त्याने विटा पाडणं जवळजवळ सोडलं. नुसता काठीने दाखवायचा.

मार्चअखेर चौकट उभी राहिली, मग धुराड्याला सुरुवात झाली. तिथे एक नवीनच प्रकार सुरू झाला. अब्नर डाव्या हाताने आपलं उजवं, मेलेलं कोपर थोपटायला लागला. ड्रिका वीट लावायची, हा कोपर थोपटायचा. जमिनीवर काठीने एक वाकडी रेघ ओढायचा, पुन्हा कोपर थोपटायचा.

"दुखतंय का?"

"नाही."

पण 'नाही' तो सगळ्यालाच म्हणायचा. ड्रिकाने दवाखान्यातून मलम आणलं आणि रोज रात्री जेवण झाल्यावर त्याचं कोपर चोळायला सुरुवात केली. तो हात झटकायचा, ती धरून ठेवायची. "गप बस. आता कुठे जीव येतोय त्यात." दवाखान्यातली नर्स म्हणाली, हे चांगलं लक्षण आहे, चोळत राहा.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी धुराड्याची शेवटची वीट बसली. ड्रिकाने मला जेवायला बोलावलं. मटणाच्या फोडी मसाला लावून ठेवलेल्या, जाळीवर भाजायला पावाचे गोळे मळलेले. तिने डोक्याला नवीन रुमाल बांधला होता. मी द्राक्षाची खोडं रचली, अब्नरच्या हातात काडी दिली आणि त्याने पेटवलं.

सगळा धूर समोरून बाहेर आला. थोडा नव्हे, सगळा. धुराड्याच्या तोंडातून एक रेघसुद्धा नाही. आम्ही खोकत खोकत मागे सरकलो, चुलीचा नवा कोरा दर्शनी भाग पाच मिनिटांत काळा झाला, गोळे खाली पडले आणि माझ्या कुत्र्याने नेले. अब्नर खुर्चीत बसून जोरजोरात कोपर थोपटत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराने की कशाने कोण जाणे.

ड्रिकाने बादलीभर पाणी आगीवर ओतलं. मटण घरात नेलं आणि तव्यावर केलं.  भांडी घासताना ती म्हणाली, "अकरा थर आहेत धुराड्याचे. मी ते पाडणार नाही, शेजारी. राहू दे तसंच."

राहिलं. मे ते ऑगस्ट, आमच्याकडचा अख्खा हिवाळा राहिलं. समोरच्या डोंगरांवर बर्फ पडलं, गेलं. ड्रिकाने चुलीला खिळा ठोकून कपडे वाळत घालायची दोरी बांधली. अब्नर दारात बसायचा, चुलीकडे बघायचा, अधूनमधून कोपर थोपटायचा. ती मलम लावायची.

या सगळ्या महिन्यांत त्यांच्याकडे कोण आलं ते मी सांगू शकतो, कारण मी भिंतीपलीकडेच असतो. पाद्रीबाबा तीनदा. शेरलीन दोनदा. अब्नरच्या हाताखाली काम केलेल्यांपैकी एकही नाही. कासीम तर नाहीच. हा कासीम वीस वर्षं अब्नरचा जोडीदार, माल कालवण्यापासून परांची बांधण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे. वयाने थोरला, म्हणून त्याला सगळे 'बुटा' म्हणत, थोरल्या भावाला म्हणतात तसं. तीन गल्ल्या सोडून राहायचा. झटका आला तेव्हा अब्नरला उचलून गाडीत घालणारा तोच. त्यानंतर दिसला नाही.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी तो फाटकाशी उभा होता. हातात पिशवी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. आत येत नव्हता, जातही नव्हता. मी ओरडलो, "बुटा, फाटक उघडंच आहे!"

ड्रिका ओले हात पुसत बाहेर आली. 

"ताई," कासीम म्हणाला, "मी दोनदा कोपऱ्यापर्यंत आलो होतो. माघारी गेलो. मला त्याला असं बघवेना."

मला वाटलं आता ही त्याला फाडून खाणार. दहा महिन्यांचं साठलेलं होतं.  पण ती म्हणाली, "मलाही बघवत नाही, बुटा. पण मी घरातच राहते ना." आणि जरा थांबून, "आलात ना आता. चहात साखर किती?"

अब्नरने त्याला बघितलं आणि ती शिवी दिली. कासीम हसायला लागला, हसता हसता त्याने खाली बसून अब्नरच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. अब्नर त्याच्या इस्त्रीच्या पाठीवर डाव्या हाताने थापट्या मारत होता. मग त्याने काठीने चूल दाखवली आणि कोपर थोपटलं.

कासीमने वर बघितलं. "कोपर? कोपर घातलं नाहीस?"

अब्नर ओरडलाच. शब्द नव्हता, नुसता आवाज.

"काय कोपर?" ड्रिका म्हणाली.

"ताई, धुराड्याच्या गळ्याशी आतून तिरकी फरशी बसवायची असते. धुराला निमुळती वाट लागते, नाहीतर तो पुढून बाहेर येतो. आम्ही तिला कोपर म्हणतो. हा आणि मी. वीस वर्षं हा मला ओरडतोय, कासीम, आधी कोपर, मग धुराडं." त्याने आत डोकं घालून बघितलं. "बांधकाम बाकी एक नंबर आहे. कुणी केलं?"

 ड्रिका चुलीच्या कट्ट्यावर बसली. "पाच महिने," ती म्हणाली. "पाच महिने मी त्याचं कोपर चोळतेय. तीन डब्या मलम संपलं."

आधी मी हसलो. मग कासीम. अब्नर तर असा हसला की खुर्ची धरावी लागली. ड्रिका हसली नाही. ती उठली, आत गेली, आणि कासीमसाठी घरातली थापी घेऊन आली.

अकरा थर पाडावे लागले नाहीत. कासीमने मागच्या बाजूने सात विटा काढल्या, आतून तिरकी फरशी बसवली, चुलीच्या तोंडावर एक पट्टी घेऊन उघडी जागा थोडी कमी केली, विटा परत लावल्या. दुपारच्या नमाजाला जायच्या आत काम संपलं. ड्रिकाने त्याला माल कालवून दिला. तिची वीट तो निरखत होता, हे मी पाहिलं. विटांमधल्या दरजेवरून त्याने बोट फिरवलं आणि अब्नरला म्हणाला, "हिला आपण आधीच कामावर घ्यायला हवं होतं." ड्रिका म्हणाली, "मला आणखी एक काम नको, बुटा, मेहेरबानी करा."

आठवड्याने माल सुकल्यावर पेटवलं. धूर सरळ वर गेला.

पुढे सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. अब्नर अजून पडतो, आता बाथरूममध्ये, आणि मी अजून जातो. चौथा शब्द काही आला नाही. ड्रिकाची नोकरी तीच, पाठ तीच. उलट तिचं काम वाढलं. कारण कासीम दर रविवारी यायला लागला, आपलं मटण आणि आपली जाळी घेऊन, आणि त्याच्या मागोमाग अब्नरच्या हाताखालचे बाकीचेही एकेक करून आले. कुणी बायको घेऊन, कुणी सून घेऊन. एका रविवारी मी ताटं मोजली, सतरा झाली, आणि सगळी ड्रिकाने घासली. पुढच्या रविवारी तिने फाटकातच सांगितलं, "ताट घरून आणायचं आणि घाणेरडं परत न्यायचं. चूल मी बांधलीय, खानावळ नाही काढली." तेव्हापासून लोक ताटं घेऊन येतात.

त्यानंतरच्याच एका रविवारची गोष्ट. निखारे तयार झाले होते, कासीम मटण पलटत होता, अब्नर काठीने कुठली फोड करपतेय ते दाखवत होता. कुणीतरी विचारलं, ड्रिका कुठेय? मी मागच्या दाराने आत बघितलं. झोपायच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. चर्चचे कपडे अंगावरच, बूट तेवढे काढलेले, आणि ती पलंगावर आडवी, भिंतीकडे तोंड करून. बाहेर पंधरा माणसं हसत-ओरडत होती आणि ती गाढ झोपली होती.

मी दार लोटून घेतलं. बाहेर येऊन सांगितलं, आवाज कमी करा. कासीमने रेडिओ बारीक केला. अब्नरने काठीने दोन चांगल्या फोडी दाखवल्या, त्या मी एका ताटात काढून झाकून ठेवल्या.

पाचच्या सुमारास सगळे गेल्यावर ती बाहेर आली. गालावर उशीचे वळ उमटलेले. झाकलेलं ताट उघडलं आणि उभ्यानेच खायला लागली.

"थांबा, गरम करून देतो," मी म्हणालो. "निखारे आहेत अजून."

"नको," ती म्हणाली. "असंच बरंय." हाड चोखता चोखता तिने पायाने स्टूल ओढलं, अब्नरच्या शेजारी ठेवलं आणि बसली.